वामन धुमाळचं काय चुकलं

वामन धुमाळला ‘कसा आहेस?’ असं विचारायची सोय नव्हती. दुसरा कोणीही ‘बरा आहे’ म्हणून पुढे जातो. वामन थांबायचा. हातात सायकल असली तर ती स्टँडवर लावायचा, शर्टाचं वरचं बटण लागलंय का ते चाचपायचा आणि खूप विचार करून म्हणायचा, ‘‘तसा बरा आहे. पण सकाळपासून जरा... म्हणजे नक्की काय ते सांगता येत नाही. तुला मी कसा वाटतोय?’’ तोवर कंपनीचा भोंगा होऊन गेलेला असायचा आणि त्याच्याबरोबर मलाही लेटमार्क बसायचा.

पंचाहत्तरच्या आगेमागे आम्ही दोघं भोसरीला एका खोलीत राहायचो. एमआयडीसीत नवी नवी शेडं उभी राहत होती आणि गावातल्या लोकांनी गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्या काढून आमच्यासारख्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. वामन कोरेगावकडचा, मी श्रीगोंद्याचा. दोघंही फिटर. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एकाच कंपनीत, एकाच टूलरूममध्ये, आणि लोखंड आवळून धरायचे आमचे वाईससुद्धा शेजारी शेजारी. म्हणजे खोलीत वामन, कंपनीत वामन, आणि मधल्या रस्त्याला सायकलवर पुन्हा वामन. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही असं म्हणणार होतो, पण तक्रार म्हणूनच सांगतोय.

त्याचं एक वाक्य होतं. ‘‘माझं काही चुकलं का?’’ हे तो दिवसातून इतक्यांदा विचारायचा की खोलीचे मालक, कंपनीतला चहावाला, रस्त्यावरचा पंक्चरवाला, सगळ्यांनी त्याला एकदा तरी ‘‘नाही बाबा’’ असं सांगून झालेलं होतं. पंक्चरवाल्याने तर चिडून सांगितलं होतं. पंक्चर काढून घेऊन, पैसे देऊन, फर्लांगभर पुढे गेलेला वामन परत आला आणि त्याला म्हणाला, ‘‘मघाशी मी ‘लवकर करा’ म्हणालो, ते जरा तोडून बोलल्यासारखं झालं का?’’ पंक्चरवाल्याच्या हातात दुसऱ्या सायकलची ट्यूब होती. तो म्हणाला, ‘‘भाऊ, तुम्ही काय बोललात ते मी ऐकलंच नव्हतं.’’ झालं! आता वामन बोलत असताना पंक्चरवाला ऐकत का नव्हता, हा नवा विषय मला खोलीपर्यंत पुरला.

आमचे फोरमन होते घाटे. माणूस कमी बोलणारा. एका सोमवारी सकाळी वामनने त्यांना नमस्कार केला आणि घाटे ‘‘हं’’ म्हणून पुढे गेले. बाकीच्यांना ते तेवढंही म्हणत नसत. पण वामनला त्या ‘हं’मध्ये काहीतरी दिसलं. तो ‘हं’ त्याने मला म्हणून दाखवला. एकदा खाली उतरता, एकदा जरा नाकातून. ‘‘यातला कुठला वाटतो तुला?’’ मी म्हटलं, ‘‘वामन, मला झोपू दे.’’ मंगळवारी त्याने नमस्कार जरा वाकून केला, तर घाट्यांचं लक्षच नव्हतं. बुधवारी नमस्कार केला नाही आणि दिवसभर हळहळला. शेवटी गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, घाट्यांच्या तोंडात भाकरीचा घास असताना हा समोर जाऊन उभा राहिला. ‘‘साहेब, सोमवारी तुम्ही ‘हं’ म्हणालात, त्यात काही नाराजी होती का?’’

घाट्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘नव्हती. आता आहे.’’

आता कोणी म्हणेल, असल्या माणसाला फिटर कोणी केला? तर तिथेच सगळी गोम होती. वामनच्या हातासारखा हात मी नंतर अख्ख्या आयुष्यात पाहिला नाही. फिटरची पहिली परीक्षा कानस चालवण्यात असते. लोखंडावर कानस सरळ जायला लागते. हात जरा डोलला की कडा जास्त घासल्या जातात आणि मधे पोट राहतं. वामनच्या कानशीखालचं लोखंड असं सपाट निघायचं की त्यावर काटकोन तपासायचा गुण्या धरला तर खालून उजेडाची रेघ दिसायची नाही. पण केव्हा? जेव्हा त्याचं लक्ष स्वतःकडे नसेल तेव्हा. एखादं मशीन बंद पडलं, लाईन उभी राहिली, चार माणसं आरडाओरडा करायला लागली की वामन वेगळाच माणूस व्हायचा. बाह्या वर, बटण उघडं. ‘‘सरका राव, उजेड अडवू नका,’’ असं खुद्द घाट्यांना म्हणायचा आणि ते तोडून बोलणं झालं का, हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही. मशीन सुरू झालं की मग यायचं.

आमचे हेडफिटर इब्राहिममिस्त्री खडकीहून यायचे. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडात कायम लवंग. वामनवर त्यांचा जीव होता आणि वामनमुळे तो जीव मेटाकुटीला यायचा. ‘‘अरे वामन, हाथ को क्या देखता है? हात तुझा कुठं पळून चालला का?’’ ते ओरडायचे. ‘‘जॉब बघ ना रे, जॉब!’’ वामन मान डोलवायचा आणि मग आपण जॉबकडे, म्हणजे वाईसमधल्या लोखंडाकडे, नीट बघतोय ना, हे बघत बसायचा.

खंडेनवमीला कंपनीत मशीनं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायचे, पूजा व्हायची, पेढे वाटायचे आणि दुपारी कॅरमच्या मॅचेस. एरवी जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारता मारता वामन बोर्ड साफ करायचा, समोरच्याचा नंबरच लागू द्यायचा नाही. म्हणून त्या वर्षी आम्ही टूलरूमवाल्यांनी त्याला फायनलपर्यंत ढकलत नेला. फायनलला बघायला माणसं जमली. कोणीतरी मागून म्हणालं, ‘‘याचं बोट बघा, कसं धरतो ते.’’ संपलं. वामनने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग स्ट्रायकर धरून तो जो बसला, की समोरचा फाउंड्रीतला गडी चहा प्यायला, विडी ओढून आला, तरी हा बसलेलाच. स्ट्रायकर सुटला तो थेट भोकात. पुढचंही तसंच. हरल्यावर मला म्हणतो, ‘‘मी रोज हे बोट वापरतो, का मधलं?’’ मला कसं माहीत असणार? मी उठून पेढे आणायला गेलो.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण वामन टेंपररी होता. मी त्याच्याआधी लागलो होतो आणि पर्मनंट झालो होतो, त्याचं अजून व्हायचं होतं. टूलरूममध्ये एक जागा होती आणि त्यासाठी ट्रेड टेस्ट द्यावी लागायची. शिवाय तेवढ्यात त्याचं लग्न ठरलं होतं. आमच्या खोलीच्या मालकांच्या नात्यातली, कुरुळीची इंदू. तिचे वडील ज्ञानबाअण्णा. त्यांनी सुपारी फोडली नव्हती, पण शब्द दिला होता. ‘‘पोरगा गुनाचा हाय. पर्मनंट झाला की लगीन,’’ असं ते म्हणाले होते. इंदू वामनला मनापासून आवडली होती. बघायला गेलो तेव्हा त्याने पोह्यांची बशी डाव्या हातात धरली होती की उजव्या, याची चौकशी तो महिनाभर माझ्याकडे करत होता. त्याने पास व्हावं असं मलाही त्याच्याइतकंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

टेस्ट साधी वाटणारी असायची. लोखंडाच्या पट्टीत चौकोनी खाच पाडायची आणि त्यात बसेल असा चौकोनी ठोकळा घासून काढायचा. ठोकळा चारी बाजूंनी फिरवून कसाही घातला तरी अंगठ्याने दाबल्यावर आत सरकला पाहिजे, सोडला तर पडता कामा नये, आणि उजेडाला धरला तर फट दिसता कामा नये. यात एकच भय असतं. लोखंड जास्त आहे तोवर घासता येतं, पण एकदा कमी झालं की परत चढवता येत नाही.

हे भय वामनला वर्षभर पुरलं. खोलीत तो पाटीच्या तुकड्यावर कानस चालवल्यासारखा हात चालवून बघायचा. जेवताना मनगट बघायचा. ‘‘माझा डावा खांदा वर येतो का रे?’’ शेवटी त्याचा हात रोजच्या कामातसुद्धा डोलायला लागला आणि रात्रीची झोप गेली. वजन उतरलं. टेस्ट जवळ आली तेव्हा इब्राहिममिस्त्रींनी लवंग थुंकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘याला टेस्ट सांगून दिली तर गेला हा. सांगायचीच नाही.’’

ते वर्क्स मॅनेजर लिमयेसाहेबांकडे गेले. साहेबांनी आधी नको म्हटलं, मग ब्रेकडाऊनच्या वेळचा वामन आठवला असावा, म्हणाले, ‘‘जॉब तोच, वेळ तेवढाच, तपासणार मी. त्याला सांगायचं की नाही, ते तुम्ही बघा.’’

वामनला टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे असं कळवलं. आणि त्या दिवशी सकाळी मिस्त्री धावत आले. ‘‘वामन, दोन नंबरची प्रेस उभी हाय! डायमधला चौकोनी ठोकळा गेला. ही पट्टी घे, खाच पाडून ठोकळा बसवून दे, साहेब डोक्यावर बसलेत!’’

मी शेजारी उभा होतो. वामनने पट्टी उचलली, बटण उघडलं आणि कामाला लागला. सरळ चालणाऱ्या कानशीचा आवाज एकसारखा येतो, मधे अडखळत नाही. तो आवाज मी सकाळभर ऐकला. मधेच तो मला शिव्या घालत होता, ‘‘ती बारीक कानस दे, हलव हात, लाईन उभी आहे!’’ दुपारच्या चहाच्या आधी ठोकळा खाचेत बसला. साहेबांनी उजेडाला धरला, फिरवून घातला, परत धरला. ‘‘फर्स्टक्लास,’’ म्हणाले. ‘‘धुमाळ, तुम्ही पास. अभिनंदन.’’

‘‘पण प्रेस?’’ वामन म्हणाला.

‘‘प्रेसला काय धाड भरलीय?’’ मिस्त्री हसत होते. ‘‘ती सकाळपासून चालूच हाय!’’

वामन स्टुलावर बसला. आम्हाला वाटलं, आनंदाने बसला.

संध्याकाळी मी पाव किलो पेढे आणले. हा हात लावेना. ‘‘पास कोण झालं?’’ म्हणतो.

‘‘तू झालास, दुसरं कोण?’’

‘‘मला तर टेस्ट आहे हेच माहीत नव्हतं. जो बसलाच नाही तो पास कसा होईल? उद्या साहेब शेजारी उभे राहिले आणि हात डोलला, तर? मग मी फसवून लागलेला ठरतो.’’

मी समजावलं, ओरडलो, इंदूचं नाव घेतलं. पेढा त्याच्या तोंडापाशी धरला. म्हटलं, ‘‘अरे वामन, हात तुझा, कानस तुझी, ठोकळा तुझा. अजून काय पाहिजे तुला?’’

‘‘माझी मला खात्री पाहिजे,’’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कपडे बदलेपर्यंत, तो लिमयेसाहेबांच्या केबिनमध्ये पोचलाही होता. मी धावलो, पण उशीर झाला. काचेतून ऐकू आलं. साहेब विचारत होते, ‘‘तुम्हाला नोकरी नको आहे का?’’ आणि हा, ‘‘पाहिजे साहेब. पण टेस्ट मला सांगून घ्या.’’ साहेबांचा पारा चढला. ‘‘मग घेतो. आज, आत्ता, माझ्यासमोर!’’

त्या दिवसाचं मला अजूनही नीट सांगता येत नाही, इतका संताप येतो. सगळ्या टूलरूमने त्याच्याकडे पाठ केली होती, बघायचं नाही म्हणून. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून लवंग चावत होते. मी शेजारी काम करत होतो, पण कान तिकडेच. आवाज येत होता, थांबत होता. चार हात, थांबला. दोन हात, थांबला. गुण्या उचलला, ठेवला. जेवणाची सुट्टी त्याने घेतली नाही. आणि दुपारी मी चोरून बघितलं तर काय सांगू, ठोकळा बसला होता! अंगठ्याने दाबला, सरकला, राहिला. कालच्यासारखा. ठेव की रे खाली! मी मनात ओरडत होतो. ठेव, आणि साहेबांना हाक मार!

वामनने तो उचलून खिडकीकडे धरला. एक डोळा मिटला. पट्टी फिरवली. परत धरली. मग ठोकळा काढून वाईसमध्ये बांधला आणि स्वतःशी म्हणाला, ‘‘अजून एक हात.’’

त्यानंतर ठोकळा खाचेत गेला आणि पलीकडून निघून टणकन खाली फरशीवर पडला.

त्याच्या डोक्यात हातोडा घालावा असं मला वाटलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि मीच बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. लिमयेसाहेब केबिनच्या काचेतून बघत होते, ते आत वळले. मिस्त्री खाली वाकले, ठोकळा उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, ‘‘चल, च्या पिऊ.’’ महिनाअखेरीला, टेंपररी माणसाला मधे काही दिवस घरी बसवतात तसा, वामनला ब्रेक मिळाला. त्या ब्रेकनंतर त्याला परत बोलावणं आलं नाही.

आता गप्प बसावं की नाही? पण नाही. कुरुळीला जाऊन स्वतः सांगितलं पाहिजे, आणि मी बरोबर आलं पाहिजे. ज्ञानबाअण्णांच्या ओसरीवर बसून वामनने आपले दोष सांगायला सुरुवात केली. मी असा, मी तसा, माझा हात डोलतो, माझं मन स्थिर नाही, तुमच्या मुलीचं माझ्यामुळे नुकसान नको. अण्णा ऐकून ऐकून माझ्याकडे वळले.

‘‘पर पोरगं पास झालं व्हतं न्हवं का?’’

‘‘झालं होतं,’’ मी म्हटलं.

‘‘मग?’’

‘‘मग त्यानेच जाऊन सांगितलं, परत घ्या म्हणून.’’

‘‘असं कुठं आसतंय व्हय?’’

‘‘आमच्या खोलीत असतं,’’ मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

अण्णा विचारात पडले. मला वाटलं, आता नारळ देऊन वाटेला लावणार. तेवढ्यात आतल्या दारातून इंदूचा आवाज आला. ‘‘बोलून झालं का त्यांचं? च्या निवतोय.’’ मग बापाला म्हणाली, ‘‘आन् नोकरीची अट तुमची हाय, आण्णा. माझी न्हाई. हितं रानोमाळ इंजनं बंद पडत्यात, ती कोन दुरुस्त करतंय? दुसरा आसता तर पास झालो म्हनून बसला आसता गुमान. ह्यांनी येऊन सांगितलं तरी.’’

वामन कपाकडे बघत होता. बशी कुठल्या हातात धरली होती, हे मी मुद्दाम बघितलं नाही.

लग्न झालं. तो कुरुळीलाच गेला. माझंही लग्न झालं, मी भोसरीतच दोन खोल्या घेतल्या. येणंजाणं कमी होत गेलं. ऐंशी सालानंतर एकदा कामासाठी चाकणला निघालो होतो, तेव्हा वाटेत कुरुळीला उतरलो. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, दारात दोन डिझेल इंजनं उघडून ठेवलेली, आणि लाकडाच्या ओंडक्यावर वाईस. वामन पाठमोरा कानस चालवत होता. आवाज एकसारखा येत होता.

शेजारी खोक्यावर बसून इंदू मेथी निवडत होती आणि अखंड बोलत होती. रेशनची साखर आली न्हाई, थोरल्या वन्सं उद्या येनार हायेत, शेजारच्यांची म्हैस वाफ्यात शिरली. वामन ‘‘हूं, हूं’’ करत होता आणि हात चालला होता. मी हाक मारायला तोंड उघडलं. इंदूने मला बघितलं. म्हशीचं बोलणं न तोडता तिने हात खालच्या खाली हलवला. थांबा.

मग माझ्या लक्षात आलं, ही मेथी रोजचीच असणार. म्हैसही रोजची असणार. मिस्त्रींना, साहेबांना, मला, कोणाला जे जमलं नव्हतं ते या बाईने खोक्यावर बसून जमवलं होतं. मी थोडा वेळ पलीकडे उभा राहिलो, तो आवाज ऐकला, आणि आलेल्या एसटीला हात केला. मला फार बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात वामन. कुरुळीपासून सायकल हाणत आलेला, घामाघूम, बटण वरपर्यंत लावलेलं.

‘‘तू दुकानापाशी आला होतास म्हणे. इंदू बोलून गेली. हाक न मारता गेलास.’’ मग ते वाक्य आलंच. ‘‘माझं काही चुकलं का?’’

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न! कपाळावर मारायला मी हात उचललाही होता. पण मला मेथी आठवली. मी म्हटलं, ‘‘बस आधी. त्या दिवशी ते काय घासत होतास रे?’’

‘‘ते? ते चिंबळीच्या एकाचं इंजन होतं. अरे, चाक दांड्यावर घट्ट धरणारी त्याची चावी झिजलेली, आणि आधीच्या मेकॅनिकने काय करून ठेवलं होतं माहितीये...’’ आणि वामन सुटला. बटण कधी उघडलं त्याचं त्यालाही कळलं नाही. सांगता सांगता दोन्ही हात चहाच्या कपावर आले आणि नसलेली कानस चालायला लागली. पुढे, मागे, पुढे, मागे. जराही डोलत नव्हती. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिली. चहावर साय धरली.

तासाभराने तो निघाला तेव्हा त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीच्या दुसऱ्या गावच्या कारखान्यात माझी बदली झाली, आमची परत गाठ पडली नाही. म्हणून तो मला तसाच दिसतो, सायकलवरून आमच्या गल्लीच्या टोकाला गेलेला. टोकाला जाऊन तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकवला. मी दारातच होतो. मला माहीत होतं आता काय होणार ते. सायकल वळणार, हा परत येणार, आणि ‘मघाशी मी फार बोललो का रे’ असं विचारणार. मी उत्तर तयार ठेवलं. ‘नाही वामन, छान बोललास, जा आता.’

तो बराच वेळ तसा उभा होता. मग त्याने पाय पेडलवर ठेवला आणि गेला. वळून बघितलंसुद्धा नाही.

मी घरात आलो. पेपर उघडला, मिटला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर बायकोला विचारलं, ‘‘काय गं, वामनशी मी नीट बोललो ना? परत का आला नाही तो?’’